एका माणसाचा केक: माल पाव, मेहनत मात्र पूर्ण



व्हिडिओमध्ये तुम्ही छोटा केक बनताना बघितला. पण व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण आज रेसिपी कमी आणि आकडेमोड जास्त आहे.

विषय आहे एका माणसापुरता आयसिंगचा केक. शहरात याला ‘बेंटो केक’ म्हणतात. बेंटो हा जपानी शब्द, अर्थ जेवणाचा डबा. डब्यात मावेल एवढ्या केकची ही पद्धत दक्षिण कोरियातून इन्स्टाग्रामवर पसरली आणि मुंबई-पुण्यातल्या होम बेकर्सनी उचलली. आता जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या ताई-दादांचा मला एकच प्रश्न असतो, “आपल्याकडे हा चालेल का?”

चालेल. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. छोटा केक म्हणजे मोठ्या केकचा लहान भाऊ नाही. तो वेगळा माल आहे. मोठ्या केकची रेसिपी चारने भागून आणि मोठ्या केकचा भाव चारने भागून जो हा धंदा करेल, तो महिनाभर राबेल आणि हातात काही उरणार नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, तेवढंच आज बघू.

आपल्याकडे एका माणसाचा केक घेणार कोण?

पहिला ग्राहक म्हणजे बदलीवर आलेला नोकरदार. शिक्षक, नर्स, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय आहे, तहसील आहे. घरचे नाशिकला किंवा कल्याणला आणि हा माणूस इथे खोली घेऊन एकटा. वाढदिवसाला अर्धा किलोचा केक आणून करणार काय? त्याला एकट्यापुरता किंवा खोलीतल्या दोघांपुरता केक हवा असतो.

दुसरा ग्राहक म्हणजे कॉलेजची मुलं-मुली. मित्राला केक द्यायचा आहे, वर्गणी जमलीये शंभर रुपये.

तिसरा ग्राहक सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे मजुरी करणारं घर. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. समजा अर्धा किलोचा केक ४०० रुपयांना आहे. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीतही तो येत नाही. मुलाने केक मागितला तर आईला नाही म्हणावं लागतं किंवा उधारी करावी लागते. ८० रुपयांचा केक मात्र त्या मजुरीच्या साधारण चौथ्या हिश्शात येतो. पोराचं नाव लिहिलेला, मेणबत्ती लावलेला, त्याचा स्वतःचा केक. या ग्राहकाला गरीब समजून कमी दर्जाचा माल देऊ नका. तो पैसे मोजून घेतोय.

चौथे पर्यटक. पावसाळ्यात दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, जयविलास राजवाडा बघायला लोक येतात. पण हा ग्राहक शनिवार-रविवारचा आणि हंगामी आहे. त्याच्यावर घर चालवायचं गणित मांडू नका, तो वरकमाई आहे असं धरा.

अजून एक हंगाम ध्यानात ठेवा. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत पाड्यांवरची मागणी पडते. नोकरदार आणि कॉलेजवाले मात्र गावातच असतात. म्हणून कोणत्या महिन्यात कोणाला विकायचं हे आधीच लिहून ठेवा.

भूमितीचा सापळा

शाळेतली भूमिती आठवा. अर्ध्या किलोचा गोल केक आपण सहा इंची टिनमध्ये करतो. एका माणसासाठी तीन इंची टिन घेतला. उंची दोन्हींची अडीच इंच धरा.

व्यास निम्मा झाला की तळाचं क्षेत्रफळ पाव होतं. म्हणजे स्पंज पाव लागला. इथपर्यंत ठीक. पण केकचा घेर पाव होत नाही, निम्माच होतो. आणि आयसिंग तुम्ही वरही लावता आणि बाजूलाही. मोठ्या केकचा वरचा भाग आणि बाजू मिळून होतात साधारण ७५ चौरस इंच. छोट्या केकचे होतात ३० पेक्षा थोडे जास्त. म्हणजे स्पंज २५ टक्के, पण आयसिंग ४० टक्के!

आता सांगा, केकमध्ये महाग काय असतं? मैदा की आयसिंग? आयसिंग. म्हणजे केक जेवढा छोटा करू, तेवढा महाग मालाचा वाटा वाढत जातो.

आणि मेहनत? मोठा केक असो की छोटा, वजन करायला तेवढाच वेळ, ओव्हन तापायला तेवढाच वेळ, भांडी घासायला तेवढाच वेळ, नाव लिहायलाही तेवढाच वेळ. म्हणून शीर्षकात म्हटलं, माल पाव, मेहनत पूर्ण.

उपाय: गोल सोडा, चौकोनी करा

तीन-तीन इंची गोल टिन नऊ आणू नका. नऊ इंची चौकोनी ट्रे एक आणा. त्यात एकच मोठा स्पंज भाजा, मधून आडवा कापून आयसिंगचा थर द्या, वर दुसरा थर द्या, आणि सेट झाल्यावर तीन बाय तीन इंचाचे नऊ तुकडे करा. नऊ केक एका दमात तयार.

यात तीन फायदे आहेत. पहिला, चुरा नाही. चौकोनी स्पंजमधून गोल कापले तर पाचवा हिस्सा कोपऱ्यांत वाया जातो. चौकोनी कापले तर कडेची पातळ पट्टी सोडून सगळा माल विकला जातो. दुसरा, बाजूला आयसिंग लागत नाही. कापलेल्या बाजूने थर दिसतात आणि तेच छान दिसतं. तिसरा, नऊ केकना आयसिंग लावायला नऊ वेळा बसावं लागत नाही.

नऊ केकचं माप, अंड्याशिवाय:

मैदा २८० ग्रॅम, पिठीसाखर २२५ ग्रॅम, ताजं दही २७० ग्रॅम, वास नसलेलं तेल १३५ मिली, दूध १३५ मिली, बेकिंग पावडर सव्वादोन छोटे चमचे, खायचा सोडा एक छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स दोन छोटे चमचे, चिमूटभर मीठ. चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा, चहाचा नाही.

आधी नमुना करून बघायचा असेल तर एकाच केकचं माप: मैदा ३० ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, दही ३० ग्रॅम, तेल आणि दूध प्रत्येकी १५ मिली, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, सोडा त्याच्या निम्मा. स्टीलच्या उभ्या वाटीला तेल लावून अर्ध्यापर्यंत भरा. जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि वाटी आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजा. हा नमुना घरच्यांना आणि चार ओळखीच्यांना खायला द्या. ओव्हन विकत घ्यायच्या आधी हे करा. एक लक्षात ठेवा, घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही. म्हणून नमुन्यापुरतं कढईत, विक्रीसाठी इलेक्ट्रिक ओटीजी किंवा व्यावसायिक सिलिंडर.

कृती क्रमाने:

१. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून एका भांड्यात ठेवा.

२. दुसऱ्या भांड्यात दही आणि पिठीसाखर फेटा. त्यात तेल, दूध आणि इसेन्स घाला.

३. ओटीजी १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं तापू द्या. ट्रेला बटर पेपर लावून ठेवा.

४. ओव्हन तापल्यावरच दोन्ही मिश्रणं एकत्र करा. कोरडं दिसेनासं झालं की थांबा, जास्त घोटू नका. जास्त घोटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो.

५. लगेच भाजायला ठेवा. अठ्ठावीस ते बत्तीस मिनिटं. मधोमध काडी घालून बघा, कोरडी निघाली की झालं.

६. पूर्ण गार होऊ द्या. गरम स्पंज कापला तर चुरा होणारच.

चौथ्या पायरीकडे आपल्या भागातल्या लोकांनी खास लक्ष द्या. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच वायू तयार व्हायला लागतो. केक फुगतो तो या वायूमुळे. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटर तयार करून बसलात आणि लाइट गेली, तर फुगण्याची ताकद भांड्यातच निघून जाते. ओलं आणि कोरडं वेगळं असेल तर मात्र काही बिघडत नाही. ओलं मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवा, लाइट आल्यावर एकत्र करा. आणि केक आत असताना लाइट गेली तर दार उघडू नका. आतली उष्णता बराच वेळ टिकते. दहा-पंधरा मिनिटांत लाइट आली तर बहुतेक वेळा केक वाचतो.

आयसिंग कोणतं? आधी फ्रिज आणि रस्ता बघा

युट्यूबवर सगळीकडे व्हीप्ड क्रीम दिसते. पांढरी, हलकी, सुंदर. पण ती फ्रीझरमध्ये ठेवावी लागते, थंडगार असतानाच फेटावी लागते, आणि केक झाल्यावरही गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत थंड ठेवावी लागते. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का? मोखाड्याहून खोडाळ्याला किंवा जव्हारहून एखाद्या पाड्यावर केक जाणार तो जीपमध्ये, मांडीवर, वळणांच्या रस्त्याने. त्यात एप्रिल-मे महिना. क्रीम घसरली की केकही गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

म्हणून सुरुवात चॉकलेट गनाशने करा. गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीम गरम करून एकजीव केलेलं मिश्रण. बीटर लागत नाही, फेटावं लागत नाही, गार झालं की स्वतःच घट्ट होतं.

नऊ केकसाठी डार्क कंपाउंड चॉकलेट २७० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम १३५ मिली. चॉकलेट बारीक चिरा. क्रीम मंद आचेवर ठेवा, कडेला छोटे बुडबुडे आले की बंद करा, उकळू नका. चॉकलेटवर ओता, दोन-तीन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर अशा गोल फेऱ्यांनी ढवळा. भांडं आणि चमचा पूर्ण कोरडा हवा. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले तरी ते गोळा होऊन खरखरीत बनतं. पावसाळ्यात ओट्यावरची ओल, ओला हात, झाकणाची वाफ, सगळ्यावर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात क्रीम थोडी कमी घ्या, म्हणजे गनाश जास्त घट्ट होईल.

कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा फॅट असतो. चवीला ते खऱ्या चॉकलेटएवढं चांगलं नसतं, हे खरं. पण ते स्वस्त पडतं आणि हाताळायला सोपं असतं. गिऱ्हाइकाने विचारलं तर खरं सांगा.

स्पंज आडवा कापला की दोन्ही भागांवर थोडं साखरेचं पाणी शिंपडा. निम्म्याला थोडं कमी गनाश मध्ये, बाकीचं वर पसरवा. दोन चमचे बाजूला ठेवा, तेच घट्ट झाल्यावर कोनमध्ये भरून नाव लिहायला वापरा. सेट झाल्यावर सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका झटक्यात कापा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. घट्ट झाकणाच्या डब्यात लगेच भरा, कारण कापलेल्या बाजू उघड्या राहिल्या की सुकतात. हा केक साधारण दीडशे ग्रॅमचा होतो. त्याच दिवशी खायचा म्हणूनच विका.

नागलीचं काय?

हा प्रश्न येणारच. जव्हार-मोखाड्याची नागली सगळ्यांना माहीत आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं होतं, तेव्हापासून शहरातला माणूसही नागली विचारतो. पर्यटकांसाठी नागली-चॉकलेट केक ही तुमची ओळख होऊ शकते.

पण नागलीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे सगळा केक नागलीचा केला तर कापताना भुगा होतो. सुरुवातीला २८० ग्रॅम मैद्यापैकी ८० ग्रॅम काढून तिथे बारीक चाळलेलं नागलीचं पीठ घ्या. हे पीठ आधी दही-दुधात पंधरा मिनिटं भिजू द्या आणि दूध दोन मोठे चमचे वाढवा. नाहीतर खाताना दाताखाली कचकच लागते. रंग मुळातच तपकिरी असल्याने गनाशबरोबर तो शोभतो.

आणि पाटीवर ‘पौष्टिक केक’ असं लिहू नका. साखर तेवढीच आहे. ‘जव्हारच्या नागलीचा केक’ लिहा. ते खरं आहे आणि तेवढ्यावर विकलं जातं. फक्त नागली खरोखर इथल्या शेतकऱ्याकडून घ्या.

आता खरा हिशोब

खाली मी उदाहरणासाठी भाव धरलेत. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव टाका, पद्धत हीच ठेवा.

एका केकचा माल: स्पंजचं सामान १० रुपये, गनाश १३ रुपये, साखरेचं पाणी वगैरे १ रुपया. एकूण २४ रुपये.

पॅकिंग: डबा ८, लाकडी चमचा २, मेणबत्ती २, स्टिकर २. एकूण १४ रुपये. बघा, पॅकिंगचा खर्च स्पंजपेक्षा जास्त आहे! मोठ्या केकमध्ये हे जाणवत नाही, छोट्यात जाणवतं.

भांड्यांची झीज, फोन, सामान आणायला जाणं-येणं: केकमागे ६ रुपये धरा.

मजुरी: तासाला ६० रुपये. हो, स्वतःची मजुरी. “मी घरीच तर असते” असं म्हणून ती शून्य धरू नका. तुम्ही बाहेर कामाला गेलात तर कोणी फुकट काम करून घेईल का?

आता दोन प्रकार बघा.

प्रकार एक: एकच ऑर्डर आली, एकच केक केला. वजन, भाजणं, आयसिंग, भांडी, पॅकिंग मिळून हात लागतो पाऊण तास, म्हणजे ४५ रुपये. ओटीजीची वीज एका वेळेला साधारण ८ रुपये. एकूण २४ + १४ + ६ + ४५ + ८ = ९७ रुपये.

प्रकार दोन: ट्रेमध्ये नऊ केक केले. हात लागतो सव्वादोन तास, म्हणजे १३५ रुपये, केकमागे १५ रुपये. वीज ९ रुपये, केकमागे १ रुपया. एकूण २४ + १४ + ६ + १५ + १ = ६० रुपये.

केक तोच, चव तीच, डबा तोच. एक केला तर ९७ रुपये, नऊ केले तर ६० रुपये.

भाव ८० ठेवला तर पहिल्या प्रकारात केकमागे १७ रुपये तोटा. हा तोटा गल्ल्यात दिसत नाही, कारण तो तुमच्या मजुरीतून जातो. ४५ रुपयांचं काम तुम्ही २८ रुपयांत करून देता. म्हणूनच “धंदा चाललाय पण पैसा दिसत नाही” असं वाटत राहतं.

आणि पहिल्या प्रकारात अजून एक छुपा खर्च आहे. केकला क्रीम लागते १५ मिली, पण पाकीट मिळतं मोठं. फोडल्यावर ते दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं. बाकीची क्रीम वाया गेली तर तुमच्या त्या एका केकला अख्ख्या पाकिटाचा भाव लागला. हिशोब मापाच्या भावाने करायचा असेल तर पाकीट संपेल एवढी विक्री हवी.

दुसऱ्या प्रकारात नऊ केकचा खर्च ५४० रुपये. ८० रुपयांनी सहा विकले तर ४८० आले, तोटा. सात विकले तर ५६०, म्हणजे खर्च निघाला. नऊच्या नऊ विकले तर ७२०. त्यात १८० रुपये नफा आणि १३५ रुपये तुमची मजुरी, मिळून ३१५ रुपये, सव्वादोन तासांत. वर रोजगार हमीचा दिवसाचा आकडा सांगितला होता, तो आता परत बघा.

म्हणजे तुमचा आकडा आहे सात. सात केकची ऑर्डर हातात नसेल तर ओव्हन चालू करायचा नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

सात ऑर्डर जमवायच्या कशा?

रोज केक करू नका. आठवड्यात दोन दिवस ठरवा, समजा बुधवार आणि शनिवार. तुमच्या गावचा आठवडी बाजार बघून दिवस निवडा. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंतच. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हेच टाका: दिवस, वेळ, भाव, फोटो. सुरुवातीला लोक म्हणतील, “आजच पाहिजे”. त्यांना नम्रपणे सांगा, “ताई, आज एकटा केक केला तर शंभरच्या वर जातो. उद्याच्या बॅचमध्ये ऐंशीला देते.” लोकांना कळतं. आणि ज्याला आजच हवा असेल, तो एकशेवीस देईल. दोन्ही भाव उघड सांगा, म्हणजे भांडण नाही.

वाढदिवसांची वही करा. नोकरदारांच्या ग्रुपमधल्या, कॉलेजच्या ओळखीतल्या, गल्लीतल्या पोरांच्या तारखा विचारून लिहा. तारखेच्या तीन दिवस आधी एक मेसेज. सात ऑर्डर इथूनच जमतात.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांबद्दल स्पष्ट सांगते. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना वाढदिवसाला केक मिळावा हे कोणालाही वाटेल. पण तिथे बाहेरचं खाणं परस्पर नेऊ नका. मुख्याध्यापकांची किंवा गृहपालांची लेखी परवानगी घ्या, केक त्याच दिवशीचा असू द्या, आणि कोणत्या मुलासाठी किती केक दिले याची नोंद ठेवा. मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथे धंदा दुसऱ्या नंबरवर.

कागदपत्रं

खाण्याची वस्तू विकायची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरून विकत असाल तरीही. छोट्या व्यवसायासाठी साधी नोंदणी असते. अर्ज फोस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो, त्यासाठी पालघरला खेटे घालायची गरज नाही. फी आणि उलाढालीची मर्यादा बदलत असते, म्हणून अर्ज करतानाच पोर्टलवर बघा. एजंटला पैसे द्यायच्या आधी स्वतः एकदा प्रयत्न करा.

दुकानात पॅक करून ठेवायला देणार असाल तर लेबलवर नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा, किंमत, तुमचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक टाका. आपल्या केकवर शाकाहारी हिरवी खूण येईल. अंडं घातलं तर हिरवी खूण चालत नाही. गहू आणि दूध आहे हेही स्पष्ट लिहा, काही लोकांना ते चालत नाही.

भांडवलाचं म्हणाल तर नऊ इंची ट्रे सहज मावेल असा ओटीजी, डिजिटल वजनकाटा, एक ट्रे, चाळणी, मापाचे चमचे आणि एक लांब सुरी एवढंच लागतं. बीटर, टर्नटेबल, शंभर नोझलचा सेट आता घेऊ नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण मिळतं म्हणून घेऊ नका. बचत गटात असाल तर आधी तिथून थोडी रक्कम घ्या. कर्ज ऑर्डरच्या वहीकडे बघून काढायचं असतं, युट्यूबकडे बघून नाही.

आजचा गृहपाठ

एक, नमुन्याचा एक केक कढईत करून बघा. दोन, तुमच्या बाजारातले भाव टाकून वरचा हिशोब स्वतः मांडा आणि तुमचा ‘सात’ किती येतो ते काढा. कोणाचा सहा येईल, कोणाचा आठ. तीन, वीस माणसांना विचारा, ८० रुपयांना घ्याल का आणि तुमचा वाढदिवस कधी. “छान आहे” म्हणणाऱ्यांना मोजू नका, तारीख सांगणाऱ्यांना मोजा.

महिन्यात तुमच्या आकड्याएवढ्या तारखा आठ वेळा जमत असतील, म्हणजे आठवड्याला दोन बॅच भरत असतील, तर ओटीजी घ्या. नसतील तर थांबा आणि वही भरत राहा. थांबण्यात पैसे जात नाहीत.

हिशोब करून बघा, अडलात तर विचारा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.